कागदावरच्या दोन पोळ्या

आमच्या गल्लीत कुणाकडेही छापील कागद आला की तो फिरत फिरत माझ्याकडे येतो. लाईटचं बिल, रेशनची नोटीस, लग्नपत्रिका, पाणी एक दिवस उशिरा सुटणार असल्याची चिठ्ठी. मी मोडनिंबजवळच्या एका खेड्यात चौथीपर्यंत शिकले. पुढची शाळा लांब होती आणि घरात शेळ्या होत्या, त्यामुळं विषय तिथंच संपला. लग्न होऊन सोलापुरात आले, टॉवेलच्या कारखान्यात तीस वर्षं काठ शिवले, आणि जिथं गेले तिथं बायका माझ्याकडून वाचून घेत राहिल्या. आता घराघरांत शिकलेली नातवंडं आहेत. पण ती घाईघाईनं वाचतात आणि निघून जातात. मी एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचते, त्यामुळं ऐकणाऱ्याला वाटतं की ही बरोबरच वाचते. मलाही तसंच वाटायचं.

माझ्या भिंतीला भिंत लागून अक्का राहते. ती माझ्याहून तीन वर्षांनी लहान, पण अख्खी गल्ली तिला अक्का म्हणते म्हणून मीही म्हणते. त्यांचं घर तेलुगू. नवरा यंत्रमागावर होता, ती दहा वर्षांची असल्यापासून विड्या वळते. मराठी ती झरझर बोलते, फक्त तिच्या मराठीत बाई आणि पुरुष एकच. मी आलो, मी जेवलो. चाळीस वर्षं मी तिला दुरुस्त केलं, मग सोडून दिलं.

दोन वर्षांपूर्वी तिच्या चपलेत आतून खिळा वर आला. वळलेल्या विड्या कारखान्यात जमा करायला ती त्या चपलेनं गेली आणि तशीच परत आली. पायाला काही कळलंच नाही. सुनेला फरशीवर रक्ताचे ठिपके दिसले, तेव्हा पाहिलं तर उजव्या अंगठ्याला खालून भोक पडलेलं. विडीवाल्या बायका जखमेवर तंबाखूची पूड दाबतात, तशी तिनं दाबली. पंधरा दिवसांनी घरात वास यायला लागला, मग दवाखाना.

सात रस्ता चौकाच्या बाजूला एक ट्रस्टचा दवाखाना आहे. सून विड्या सोडून किती वेळा येणार, म्हणून अक्काबरोबर मीच जायची. तिथं कळलं की अक्काला साखर आहे, आणि आजची नाही, बऱ्याच वर्षांची असणार. डॉक्टर माणूस बरा होता, पण बाहेर रांग इतकी की त्याला मान वर करायला फुरसत नसायची. त्यानं पायाच्या नाड्या चाचपल्या आणि म्हणाला, "रक्त पोचतंय, ही चांगली गोष्ट आहे. साखर खाली आली तर अंगठा राहील. नाही आली तर काढावा लागेल."

अक्कानं पाय मागं ओढून घेतला. तिच्या नवऱ्याचं असंच सुरू झालं होतं. आधी अंगठा, मग अर्धं पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय. तिसऱ्या वेळी त्याला दवाखान्यात नेलं तो घरी आला नाही. त्यामुळं डॉक्टरनं अंगठा म्हटलं तरी अक्काला काय ऐकू आलं ते मला ठाऊक होतं.

डॉक्टरनं सुई घ्यायला सांगितली. अक्का म्हणाली, सुई नको, गोळ्या द्या. ठीक आहे, महिनाभर बघू म्हणाला. गोळ्या दिल्या, जखम साफ करून बांधली, आणि खाण्यापिण्याचा एक छापील कागद हातात दिला. कागद पुण्याहून छापून आलेला, गुळगुळीत, वर सफरचंदाचं चित्र.

घरी आल्यावर अक्का, तिची सून आणि मी कट्ट्यावर बसलो आणि मी कागद वाचला. साखर पूर्ण बंद. सकाळी दोन पोळ्या, एक वाटी भाजी, एक वाटी वरण. रात्री दोन पोळ्या. रोज अर्धा तास चालावे.

"पोळ्या?" अक्का म्हणाली.

"लिवलंय तसं."

"सणाला करतात त्या पोळ्या?"

"दुसऱ्या कुटल्या असत्यात?"

आमच्याकडं रोजची ती चपाती, नाहीतर भाकरी. पोळी म्हटली की पुरणाची. अक्काच्या तेलुगूतही पुरणाच्या पोळीला पोळेलूच म्हणतात. पुण्याकडची माणसं साध्या चपातीला पोळी म्हणतात, हे मी कधी ऐकलं नव्हतं असं नाही. ऐकलं होतं. त्या वेळी डोक्यात आलं नाही, एवढंच.

सून म्हणाली, "मग साखर बंद कशाला लिवलंय?"

"पोळीत साखर कुटं असती? गूळ घालतो की आपण," मी म्हणाले. "आन् हरभऱ्याची डाळ. डाळीनं ताकद येती. पाय भरून यायला ताकद नको व्हय?"

हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढं गल्लीत सगळ्यांनी अक्काला हसायचं ठरवलं. पोळीचा अर्थ मी लावला होता. मला स्वतःला तेव्हा साखर लागून आठ वर्षं झाली होती. साखर बंद म्हणाले म्हणून मी आठ वर्षं गुळाचा चहा पीत होते आणि माझी साखर का उतरत नाही म्हणून गोळ्यांना नावं ठेवत होते. गुळाचं मला कुणी काही सांगितलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं. आमच्यात डॉक्टरला उलटं विचारत नाहीत. तो बोलतो, आपण मान हलवतो आणि पिशवी उचलतो.

"परत वाच," अक्का म्हणाली. मी परत वाचलं. दोन पोळ्या आणि दोन पोळ्या, दिवसाला चार.

पहिले चार दिवस घरात सण होता. सून एक दिवसाआड डाळ शिजवायची, पुरण वाटायची, विड्या मागं पडायच्या. आठवड्यानं अक्काला पोळी नकोशी झाली. तिसऱ्या आठवड्यात ती पोळीकडं काढ्याकडं बघावं तशी बघत होती. नाक दाबायची तेवढी राहिली होती. "औषध हाय, गीळ," मी सांगायची. आणि रोज अर्धा तास चालायचं लिहिलं होतं म्हणून त्या जखमेच्या पायानं ती मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन यायची. जे लिहिलं ते सगळं तिनं केलं. तिच्यासारखं पथ्य मी कुणाचं पाहिलं नाही.

महिन्यानं गेलो. साखर पहिल्यापेक्षा वाढलेली. अंगठ्याची कड काळी पडलेली. डॉक्टरनं रिपोर्ट बघितला, अंगठा बघितला आणि चष्मा काढला.

"मावशी, तुम्ही पथ्य पाळत नाही."

"मी पाळतो," अक्का म्हणाली.

"सगळे असंच म्हणतात. रिपोर्ट खोटं बोलत नाही."

"मी पण खोटं बोलत न्हाय."

"बरं. पण आता अंगठा ठेवण्यात अर्थ नाही. पुढच्या आठवड्यात काढू. आधी आहाराच्या मॅडमना भेटून या, शेवटच्या खोलीत."

अक्का बाहेरच्या बाकावर बसली. रडली नाही. तिनं पाय पुढं केला आणि नुसती बघत बसली, जसं काही तो पाय दुसऱ्या कुणाचा आहे. मग म्हणाली, "तो पण खोटं बोलत नव्हता." तो म्हणजे तिचा नवरा. त्यालाही डॉक्टर हेच म्हणायचे आणि घरी येऊन अक्का त्याच्याशी भांडायची की तू चोरून खातोस.

शेवटच्या खोलीत एक तरुण बाई बसली होती. नवीनच लागलेली, वर्ध्याकडची. तिच्यासमोर कुणी नव्हतं. लोक गोळ्यांच्या रांगेत उभे राहतात, खाण्याचं ऐकायला कोण जातं. तिनं आम्हाला बसवलं आणि कागद न काढता म्हणाली, "आजी, पथ्य काय सांगितलंय ते मला माहीत आहे. तुम्ही काल सकाळपासून काय खाल्लं तेवढं सांगा."

हे असं आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. अक्कानं आठवून आठवून सांगितलं. बिनसाखरेचा चहा. दोन पोळ्या, भाजी, वरण. मॅडम लिहीत होती.

"पोळीला तेल की तूप?"

"तूप. पोळीला तूप नसलं तर घशाखाली जात न्हाय."

"तूप थोडं कमी करा. रात्री?"

"दोन पोळ्या. मूठभर भात."

"मध्ये काही? बिस्कीट, केळं?"

"काय न्हाय. भूकच लागत न्हाय."

मॅडमनं लिहिलेलं वरपासून खालपर्यंत वाचलं. "हे तर सगळं बरोबर आहे," ती म्हणाली. मग तिनं गोळ्यांची पाकिटं मागितली, उरलेल्या गोळ्या मोजल्या, त्याही बरोबर. ती पेनाचं टोपण चावत बसली. तिला खरंच कळत नव्हतं, आणि कळत नाही हे ती लपवत नव्हती, म्हणून मला धीर आला.

मी म्हणाले, "मॅडम, एक इचारू? त्या पोळ्यांच्या जागी आठवड्यातनं दोन-तीन दिवस चपात्या केल्या तर चालंल का? हिच्या सुनेला रोज पुरण वाटायला होत न्हाय. हात भरून आलेत पोरीचे."

टोपण तोंडातच राहिलं.

"पुरण?"

"पोळ्यांचं पुरण."

"पुरणात काय घालता?"

"डाळ. गूळ. येलदोडा असला तर येलदोडा," अक्का म्हणाली. "गूळ जास्त घालत न्हाय. डाळीच्या बरोबरीनं."

मॅडमनं तो छापील कागद ओढला, वाचला आणि तिला हसू फुटलं. फार नाही, एवढंसं. पण मला राग आला.

"हसू नका," मी म्हणाले. "हिचा अंगठा कापायला निघालेत पुढच्या आठवड्यात."

ती लगेच थांबली. कानापर्यंत लाल झाली. म्हणाली, "चुकलं. आमच्याकडं रोजच्या चपातीलाच पोळी म्हणतात. मी हाच कागद सहा आठवडे सगळ्यांना देतेय. आमची चूक आहे ही."

"निम्मी माजी. वाचलं मी."

"आन् गूळ चालतो असं हिनंच सांगितलं," अक्का म्हणाली. तिला त्या वेळीसुद्धा माझी चहाडी करायला सुचलं. "ही पण गुळाचा चहा पितो. आठ वर्षं."

मॅडमनं माझ्याकडं बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

ती कागद घेऊन डॉक्टरच्या खोलीत गेली. रांगेतल्या माणसांनी आरडाओरडा केला तरी आत गेली. थोड्या वेळानं डॉक्टर स्वतः उठून आला. बाकावर बसलेल्या अक्कासमोर उभा राहिला, हातात तो सफरचंदाचा कागद. पुन्हा जखम सोडून बघितली. म्हणाला, "ताप नाही, पू पसरलेला नाही. मी तीन आठवडे थांबू शकतो. त्याच्या पुढं नाही. आणि आता सुईशिवाय जमणार नाही."

अक्कानं विचारलं, "सुई घेतली तर अंगठा राहतो?"

मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदा तिनं डॉक्टरला प्रश्न विचारला असावा.

"राहीलच असा शब्द देत नाही. शक्यता वाढेल."

अक्कानं विचार केला. मग म्हणाली, "मग मला शिकवा. रोज टोचायला दुसऱ्याच्या दारात जाणार न्हाय. माझा मी टोचतो."

मॅडमनं तिला सुई भरायला दाखवली. दुसऱ्याच खेपेला अक्कानं बरोबर खुणेपर्यंत औषध ओढलं, बुडबुडा टिचकी मारून वर घालवला आणि पोटाला टोचून घेतलं. नर्स बघत राहिली. साठ वर्षं तेंदूच्या पानात चिमटीनं तंबाखू भरणारी बोटं होती ती, त्यांना एवढं काय अवघड.

मग मॅडम म्हणाली, "आता हा कागद आपण पुन्हा लिहू. तुम्ही दोघी सांगा, मी लिहिते."

"आमी काय सांगणार? शिकलेल्या तुमी."

"मला हे शिकवलं नाही की सोलापुरात पोळी म्हणजे काय."

तेव्हापासून दर गुरुवारी पाय बांधायला गेलो की आम्ही त्या खोलीत बसायचो. मी बोट ठेवून वाचायची आणि जिथं अडेल तिथं थांबायची. कागदात एक वाटी लिहिलं होतं. अक्कानं घरची वाटी पिशवीतून नेली, पितळी, नवऱ्याच्या वेळची. तिच्यात मॅडमच्या अडीच वाट्या बसल्या. मध्यम आकाराची भाकरी लिहिलं होतं. माझी भाकरी फडक्यात बांधून नेली, तर मॅडम म्हणाली, ही मध्यम? मी म्हणाले, आमच्या घरात हीच मध्यम, गडीमाणसाची याहून मोठी. तिनं पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीनं भाकरीभोवती गोल मारला आणि मग आतमध्ये दुसरा, लहान गोल काढला. "एवढी," म्हणाली. अक्का म्हणाली, "ही भाकरी हाय का बिस्कीट?" शेवटी दोघींच्या मधला एक गोल ठरला. छापील कागदात नंतर तोच गोल आला, आतमध्ये काही न लिहिता. भाकरी त्याच्यावर ठेवून बघायची.

एका जागी लिहिलं होतं, गोड पदार्थ टाळावेत. मी विचारलं, "टाळावेत म्हणजे कसं? समोरनं आले तर बाजूला व्हायचं?" मॅडमनं ते खोडून लिहिलं, गूळ, मध, काकवी ही सगळी साखरच आहे, खाऊ नका. आणि चालावे हा शब्द तर अक्कासाठी तिनं रागानं खोडला. पायाला जखम असताना चालायचं नाही, त्या पायावर भार द्यायचा नाही. विड्या जमा करायला सून जाईल. अक्का पाय लांब करून, दुसऱ्या मांडीवर सूप घेऊन विड्या वळू लागली आणि दिवसभर घरात बसून सगळ्यांवर खेकसू लागली.

भांडण झालं ते भातावरून. मॅडम म्हणाली, रात्रीचा भात सोडा.

"भात बंद तर मी पण बंद," अक्का म्हणाली. "आमच्या लोकांना रात्री भात लागतो. अंगठा काप मग."

मला वाटलं आता ही पोरगी भाषण देणार. तिनं दिलं नाही. ती म्हणाली, "बरं, भात खा. पण मोजून बघू. तुम्हीच बघा आणि तुम्हीच ठरवा."

सुनेच्या भावाकडं साखर मोजायचं मशीन पडून होतं, ते आणलं. एके दिवशी अक्कानं पोटभर भात खाल्ला, पूर्वीसारखा, आणि दोन तासांनी बोट टोचून बघितलं. दुसऱ्या दिवशी आधी पालेभाजी, मग घट्ट डाळ, आणि भात मॅडमच्या वाटीनं एक वाटी. पुन्हा दोन तासांनी. आकडा जवळजवळ शंभरानं खाली. अक्कानं मशीन उलटंसुलटं करून बघितलं, बिघडलं तर नाही ना. तिसऱ्या दिवशी पुन्हा तसंच केलं. तिला अक्षर येत नाही, पण आकडे येतात. विड्या मोजून देणाऱ्या बाईला आकड्यात कुणी फसवू शकत नाही.

"एक वाटी ठीक हाय," ती म्हणाली. कुणी तिला सांगितलं नव्हतं, तिचं तिनं ठरवलं. म्हणून ते टिकलं.

ती सांगायची आणि मी वहीत लिहायची. तारीख, जेवणाच्या आधी, जेवणानंतर, सुई किती. रोज सकाळी ती पाय माझ्या मांडीवर ठेवायची आणि मी चष्मा लावून दोन्ही तळवे बघायची, कारण तिच्या पायाला कळत नव्हतं आणि तिला वाकून दिसत नव्हतं. गल्लीतल्या बायका जाता-येता म्हणायच्या, म्हातारीनं म्हातारीचे पाय धरलेत. मी म्हणायची, तुमचे पण धरीन, या, रांगेत बसा.

तीन आठवड्यांनी डॉक्टरनं बघितलं. काळी कड गळून खाली लाल मांस आलं होतं. "थांबू," म्हणाला. एवढंच. पण अक्कानं त्या दिवशी घरी येऊन सुनेच्या हातची भाकरी गोलावर न ठेवता खाल्ली आणि म्हणाली, आता मला नजरेनं कळतं.

सगळं सरळ झालं असं नाही. तिच्या भाच्याच्या लग्नात ती दोन दिवस गेली आणि परत आल्यावर वहीत दोन दिवस कोरे. मी विचारलं तर म्हणाली, मशीन न्यायला विसरलो. मी मशीन उघडून बघितलं. त्यात जुने आकडे राहतात, हे माझ्या नातीनं मला दाखवलं होतं. दोन्ही दिवसांचे आकडे आत होते, तीनशेच्या वर. मी तिला चांगली झापली. तीही मला गुळाच्या चहावरून बोलली. दोन दिवस आम्ही बोललो नाही, पण पाय ती सकाळी मांडीवर आणून ठेवायची, न बोलता, आणि मीही न बोलता बघायची.

गुरुवारी मॅडमला मी सगळं सांगितलं. तिनं अक्काला विचारलं, "लग्नात काय होतं जेवायला?"

"जिलेबी. मसालेभात. मी काय दगड हाय का?"

"नाही. पण आकडा लपवला तर सुई किती घ्यायची ते मी कशावरून ठरवू? वाईट आकडाच मला जास्त उपयोगी पडतो."

आणि मग दोघी बसल्या, पुढचं लग्न कधी आहे, त्या दिवशी जेवण किती वाजता असतं, सुई कधी घ्यायची, ताटातलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं, याचा हिशेब करत. मला आश्चर्य वाटलं. मी आयुष्यभर बघत आले की दवाखान्यात चूक कबूल केली की शिव्या मिळतात, म्हणून माणसं खोटं बोलतात. इथं चूक कबूल केल्यावर काम मिळत होतं.

माझा गुळाचा चहाही त्याच काळात सुटला. बिनगोडाचा चहा मला अजून आवडत नाही. माझी साखर उतरली, पुरती नाही, पण डॉक्टरनं गोळी वाढवली नाही.

नवा कागद छापायला देण्याआधी मॅडमनं तो बाहेर रांगेत बसलेल्यांना वाचून दाखवला आणि एकेकाला विचारलं, सांगा बघू काय कळलं. एका म्हाताऱ्यानं सांगितलं, बायकोला सांगा, भाकरी ती करते. तर त्याच्या बायकोला पुढच्या गुरुवारी बोलवून घेतलं. रांगेत एक मुसलमान बाई होती, तिनं ते वाचलेलं शेजारणीला तिच्या दखनीत सांगितलं आणि वर दोन गोष्टी स्वतःच्या घातल्या. मॅडमनं त्या दोन गोष्टीही लिहून घेतल्या. कागदावर पोळी हा शब्द आता नाही. चपाती आहे आणि ज्वारीची भाकरी आहे. सफरचंद गेलं, त्या जागी पेरू आला.

साडेचार महिन्यांनी डॉक्टरनं पट्टी सोडली आणि परत बांधली नाही. अंगठा दाबून बघितला, बाजूनं बघितला. नख गेलं होतं, टोक थोडं वाकडं झालं होतं, कातडी नवी, गुलाबी.

"जखम बंद झाली," तो म्हणाला. "अंगठा राहिला. आता पायाची काळजी कायमची. मऊ तळव्याची चप्पल घ्या, अनवाणी घरातसुद्धा नको. आणि हळूहळू चालायला लागा. आधी दहा मिनिटं."

अक्का उठली नाही. म्हणाली, "डॉक्टर, एक सांगायचं हाय."

"सांगा."

"मी पथ्य पाळत होतो. पहिल्या महिन्यात पण."

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. बाहेर रांग होती, तरी ठेवलं. "हो मावशी," तो म्हणाला. "पाळत होतात. मी विचारलं नव्हतं, काय पाळताय ते."

अक्कानं मान हलवली आणि पिशवी उचलली. दारापर्यंत जाऊन ती म्हणाली, "माझा नवरा पण पाळत असंल." हे तिनं डॉक्टरला सांगितलं, की मला, की कुणालाच नाही, ते मला कळलं नाही.

दवाखान्यातच मऊ चपला मिळाल्या, निळ्या, दिसायला अगदी भिकार. त्या घालून ती फाटकाबाहेर आली. मी रिक्षाला हात केला तर तिनं माझा हात खाली ओढला.

"डॉक्टर चाला म्हणाला."

"तुला म्हणाला. माजे गुडगे गेलेत."

"मग बस हितं."

मी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. ती चौकाच्या दिशेनं निघाली. ऊन उतरलेलं होतं. पहिली पाच-दहा पावलं ती खाली बघत, एकेक पाय मोजून टाकत गेली, मग मान वर करून चालायला लागली. हातगाड्या, मोटारसायकली, कुणासाठी थांबत नव्हती, लोकच बाजूला होत होते. लांब रसाच्या गाड्यापर्यंत गेली, वळली आणि परत आली. तोंडावर घाम.

"दहा मिनिटं झाली का?"

"मला काय इचारतीस? माज्याकडं घड्याळ हाय का?"

"मग झाली नसतील," ती म्हणाली आणि परत वळून चालायला लागली.